जीन एक्सप्रेशन डेटावरून ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठीचा ग्रेड काढताय? मग या क्रमानंच करा

कोल्हापुरात बायोटेक नाहीतर बायोइन्फर्मॅटिक्सला असलेली बरीच पोरं शेवटच्या सेमिस्टरला जीन एक्सप्रेशनवरून, म्हणजे गाठीत कुठलं जीन किती चालू आहे या आकड्यांवरून, ग्रेड ओळखायचा हाच प्रोजेक्ट घेतात, कारण डेटा फुकट मिळतो, लॅब लागत नाही, लॅपटॉप पुरतो. आणि जवळजवळ सगळी त्याच त्याच ठिकाणी अडकतात. मॉडेल (डेटावरून शिकून ग्रेड सांगणारा प्रोग्रॅम) कुठलं घेऊ, रँडम फॉरेस्ट का एसव्हीएम, हाच प्रश्न आधी येतो, खरं तर तो सगळ्यात शेवटचा आहे. ग्रेडचं लेबल, म्हणजे डेटात नोंदलेला ग्रेड, कुठनं आलं, एकच पेशंट दोनदा मोजला गेलाय का, आणि तुमचं मॉडेल ग्रेड शिकतंय का दुसरंच काहीतरी, हे तीन प्रश्न सुटले की बाकीचं काम दोन-चार दिवसांचं आहे. म्हणून या लेखात तयारीवरच जास्त लिहिलंय, कंटाळा आला तरी ती पायरी गाळू नका.

आणि एक गोष्ट अगदी आधी. घरात, शेजारी कुणाचा बायोप्सी रिपोर्ट आला असेल आणि त्यासाठी तुम्ही हे वाचत असाल तर इथंच थांबा आणि रिपोर्ट घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडं जा. खाली जे आहे ते रिसर्चसाठी आहे, त्यावरून कुणाची किमो द्यायची का नाही हे ठरवायचं नसतं.

१. आधी ग्रेड म्हणजे काय ते पक्कं करा

ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. गाठ किती मोठी आहे, काखेतल्या गाठींपर्यंत गेली का, लांब पसरली का, हे स्टेज. मायक्रोस्कोपखाली पेशी कशा दिसतात, निरोगी पेशींपासून किती बिघडल्यात, हा ग्रेड. २ सेंटीमीटरपेक्षा लहान गाठसुद्धा ग्रेड ३ असू शकते.

पॅथॉलॉजिस्ट नॉटिंगहॅम पद्धतीनं तीन गोष्टी बघतात: पेशी नळ्यांसारखी रचना कितपत करतात, केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, आणि विभागणाऱ्या पेशी किती दिसतात. प्रत्येकाला १ ते ३ मार्क. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३.

आता इथं बघा, ६ आणि ५ मध्ये एकाच मार्काचा फरक आहे आणि तेवढ्यानं ग्रेड बदलतो. आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला अव्वल ढेप आणि अगदी काळपट ढेप कुणीही सांगेल, पण मधल्या ढेपांवर दोन अनुभवी माणसांचं एकमत होईलच असं नाही, तसंच इथं ग्रेड २ चं होतं. म्हणजे तुमच्या डेटातलं लेबलच मधे डळमळीत आहे, ही गोष्ट पुढं प्रत्येक पायरीला लागणार आहे.

२. डेटासेट निवडा, पण ग्रेडचा कॉलम उघडून बघितल्याशिवाय नाही

पहिली फसगत इथंच होते. टीसीजीए या अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर प्रकल्पाचा ब्रेस्ट कॅन्सरचा डेटा सगळ्यांना माहीत असतो, हजाराच्या वर ट्यूमरचा आरएनए-सीक (आरएनए वाचून मोजलेलं एक्सप्रेशन) आहे, पण त्याच्या नेहमीच्या क्लिनिकल फाइलमध्ये हिस्टॉलॉजिक (मायक्रोस्कोपवरचा) ग्रेड नाही. स्टेज आहे. मग पोरं स्टेजचा कॉलम उचलतात, स्टेज १, २, ३ ला ग्रेड १, २, ३ समजतात आणि सगळा प्रोजेक्ट उभा राहतो चुकीच्या लेबलवर. त्यासाठी टीसीजीए नकोच.

ग्रेड असलेले, कामाचे सेट हे (जीएसई म्हणजे जिओ या फुकट डेटा-साठ्यातला सेटचा नंबर):

जीएसई३४९४ हा स्वीडनमधल्या उप्सालाचा, २५१ ट्यूमर, अ‍ॅफीमेट्रिक्स चिपवर (हजारो जीन्स एकदम मोजणारी पट्टी). जीएसई७३९० हा ट्रान्सबिग या युरोपातल्या गटाचा, १९८ पेशंट, लिम्फ नोडमध्ये पसरलेला नव्हता अशा. मेटाब्रिक या ब्रिटन-कॅनडाच्या अभ्यासात सुमारे २००० ट्यूमर आहेत, इल्युमिना अ‍ॅरेवर, आणि सीबायोपोर्टल या वेबसाइटवरून मिळतो. आरएनए-सीक पाहिजे असेल तर स्वीडनचाच स्कॅन-बी, जीएसई९६०५८, त्यात ३२७३ ट्यूमर आहेत. त्याचा छोटा भाऊ जीएसई८१५३८, ४०५ ट्यूमरचा, त्याचं विशेष म्हणजे स्लाइड एकापेक्षा जास्त पॅथॉलॉजिस्टनी वाचल्यात, त्यामुळं लेबल जास्त भरवशाचं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच करणाऱ्यांनी जीएसई३४९४ वर शिकावं आणि जीएसई७३९० वर तपासावं, दोन्ही एकाच जातीच्या चिपवर आहेत त्यामुळं निम्मी डोकेदुखी वाचते.

८ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर चिपच्या कच्च्या सीईएल फाइल्सच्या मागं लागू नका, तयार सिरीज मॅट्रिक्स (एक्सप्रेशनचा तयार तक्ता) घ्या. रात्री वायफाय बंद पडून अर्धवट उतरलेली फाइल गुपचूप उघडते आणि शेवटचे सॅम्पल गायब असतात, म्हणून डाउनलोड झाल्यावर सॅम्पलची संख्या मोजाच.

३. मेटाडेटा (सॅम्पलविषयीची माहिती) साफ करा, इथं घाई नको

फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. सेप्ट२ सारखी जुन्या नावाची जीन्स एक्सेल तारीख समजून बदलून टाकतं आणि तुम्हाला कळतही नाही. शेवटी नामकरण समितीनं २०२० मध्ये त्या जीन्सची नावंच बदलली, पण जुन्या फाइल्समध्ये जुनीच नावं आहेत. मेटाडेटा असो नाहीतर एक्सप्रेशन, सरळ आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत वाचा.

मग पेशंट मोजा. जीएसई३४९४ मध्ये ५०२ नोंदी दिसतील, म्हणून रिपोर्टमध्ये ५०२ पेशंट लिहू नका. प्रत्येक ट्यूमर दोन चिपवर चालवलाय, यू१३३ए आणि यू१३३बी, म्हणून आकडा दुप्पट. ग्रेडच्या कामाला यू१३३ए पुरते. एकाच ट्यूमरची एक चिप ट्रेनिंगला (मॉडेल शिकतं तो भाग) आणि दुसरी टेस्टला (ते तपासायचा भाग) गेली की रिझल्ट झकास येणार आणि त्याला काही अर्थ नसणार. स्कॅन-बीमध्येही १३६ नोंदी त्याच ट्यूमरच्या दुसऱ्यांदा केलेल्या टेस्टच्या आहेत, त्या वेगळ्या काढा.

याहून मोठा घोळ म्हणजे वेगवेगळ्या सेटमध्ये तेच पेशंट. जीएसई३४९४ आणि जीएसई४९२२ यांच्यात उप्सालाचे तेच ट्यूमर आहेत. जीएसई२९९० मध्येही उप्सालाचे काही आहेत, आणि जीएसई६५३२ व जीएसई२९९० एकमेकांत मिसळलेले आहेत. ‘आम्ही चार स्वतंत्र कोहॉर्टवर तपासलं’ असं लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी प्रत्यक्षात दीड कोहॉर्टवर तपासलेलं असतं (कोहॉर्ट म्हणजे एकत्र अभ्यासलेला पेशंटचा गट).

*तपासणी:* सॅम्पलचा जीएसएम (जिओतला) नंबर जुळवून भागत नाही, तोच ट्यूमर वेगळ्या नंबरानं परत चढवलेला असू शकतो. सगळ्यात जास्त बदलणारी १००० जीन्स घ्या आणि एका सेटमधल्या प्रत्येक सॅम्पलचं दुसऱ्या सेटमधल्या प्रत्येकाशी कोरिलेशन (आकडे किती मिळतेजुळते आहेत ते) काढा. दोन वेगळ्या बायकांच्या गाठींचं कोरिलेशन एका पट्ट्यात राहतं, तीच गाठ असेल तर ती जोडी त्या पट्ट्याच्या पार वर, एकटी उभी दिसते. अशा जोडीतला एक काढून टाका.

ग्रेड नसलेले सॅम्पल काढा. रिकाम्या जागी ग्रेड २ भरायचं नाही, ‘मधला आहे म्हणून’ असं कारण सांगून तर अजिबात नाही.

४. एक्सप्रेशनची फाइल सरळ करा

चार गोष्टी, याच क्रमानं.

पहिली, आकडे लॉगमध्ये आहेत का. मॅट्रिक्समधला कमाल आकडा बघा. १५-१६ च्या आसपास असेल तर लॉग २ आधीच घेतलेला आहे. हजारात असेल तर घ्यायचा राहिलाय. आरएमए नावाच्या पद्धतीतून आलेले आकडे कायम लॉगमध्येच असतात आणि लोक त्याच्यावर परत लॉग घेतात, मग सगळी जीन्स एकसारखी चपटी दिसायला लागतात आणि दोष डेटाला देतात. आरएनए-सीक असेल तर कच्चे काउंट तसेच वापरू नका, टीपीएममध्ये (सॅम्पलमध्ये तुलना करता येईल असे केलेले आकडे) १ मिळवून लॉग घेतला तरी या कामाला चालतंय.

दुसरी, सीबायोपोर्टलवरून घेताय तर झेड-स्कोअरची (आकडा सरासरीपासून किती लांब ते सांगणारी) फाइल उचलली नाही ना हे बघा. शेजारी शेजारी असतात, नावंही सारखीच.

तिसरी, प्रोबवरून (चिपवरचा, एखादं जीन पकडणारा तुकडा) जीन. अ‍ॅफीमेट्रिक्सवर एका जीनला दोन-तीन प्रोबसेट असतात आणि त्यातला एखादा काहीच न पकडणारा असतो. सगळ्यांची सरासरी काढली की चांगला सिग्नल मेलेल्या प्रोबमध्ये विरघळतो. जास्त बदलणारा एक निवडा, पण निवडताना ग्रेडकडं बघायचं नाही. नावांऐवजी एन्ट्रेझ नंबरावर (जीनचा ठरलेला ओळख-नंबर) जुळवा, कारण जुन्या पेपरात एसटीके६ म्हणून आलेलं जीन आता एयूआरकेए आहे, केएनटीसी२ चं एनडीसी८० झालंय. नावावर जुळवलं की अशी जीन्स आवाज न करता गळतात.

चौथी, आडवं-उभं. आर मधलं जीनफू पॅकेज वापरणार असाल तर त्याला ओळीत सॅम्पल आणि कॉलममध्ये जीन्स लागतात, आणि जिओची फाइल बरोबर उलटी असते. उलटं घातलं की जीन सापडत नाहीत अशा अर्थाचा एरर येतो आणि पोरं अख्खा दिवस अ‍ॅनोटेशनची फाइल बदलत बसतात.

*तपासणी, मॉडेलच्या आधी:* ईएसआर१ चा, म्हणजे ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) बनवणाऱ्या जीनचा, आलेख काढा (यू१३३ए वर प्रोब २०५२२५_एटी). दोन उंचवटे दिसले पाहिजेत, आणि मेटाडेटात ईआर पॉझिटिव्ह लिहिलेले उजवीकडच्या उंचवट्यात पडले पाहिजेत. मग एमकेआय६७, एयूआरकेए आणि यूबीई२सी या पेशी विभागण्याच्या जीन्सचे ग्रेडप्रमाणे बॉक्सप्लॉट. १ पेक्षा २ वर, २ पेक्षा ३ वर, अशा पायऱ्या दिसतात. त्या दिसल्या नाहीत तर लेबल आणि सॅम्पल यांची ओळ कुठंतरी घसरलीय. पुढं जाऊ नका, मागं फिरा.

५. ट्रेनिंग आणि टेस्ट वेगळं करा, आणि आत्ताच करा

‘आधी चांगली १०० जीन्स निवडतो, मग ७०-३० करतो’ हे चूक आहे. जीन निवडताना तुम्ही सगळ्या सॅम्पलचा ग्रेड वापरलात, म्हणजे पेपर फुटला. मग क्रॉस-व्हॅलिडेशन (डेटाचे तुकडे, म्हणजे फोल्ड, करून आळीपाळीनं तपासणं) कितीही फोल्डचं करा, फुगलेलाच आकडा येणार. २०-२२ हजार प्रोब आणि दोन-अडीचशे पेशंट असले की निव्वळ योगायोगानं ग्रेडशी जुळणारी जीन्स ढिगानं सापडतात. जीन निवडणं, स्केलिंग, सेटिंग ठरवणं, सगळं ट्रेनिंगच्या आत, प्रत्येक फोल्डमध्ये नव्यानं.

त्यापेक्षा सरळ: एक अख्खा कोहॉर्ट ट्रेनिंगला, दुसरा अख्खा टेस्टला. एकाच कोहॉर्टचे तुकडे केले की त्या हॉस्पिटलची, त्या मशीनची सवय मॉडेल पाठ करतं.

*सावध:* दोन कोहॉर्ट एकत्र करून कॉम्बॅट या पद्धतीनं बॅच (लॅब-मशीनमुळं आलेला फरक) काढताना ग्रेड कोव्हेरिएट (जपायची माहिती) म्हणून देऊ नका. टेस्टच्या पेशंटचा ग्रेड त्यांच्या आकड्यांत शिरतो. आणि एका सेटमध्ये ग्रेड ३ भरपूर, दुसऱ्यात कमी असेल तर ग्रेड न देता कॉम्बॅट लावलं तरी ते खरा फरकच पुसून टाकतं. म्हणून मी तर एकत्र करूच नका म्हणतो, एकावर शिका, दुसऱ्यावर जसंच्या तसं लावा.

६. फक्त १ आणि ३ वर शिका, २ बाजूला ठेवा

तिन्ही ग्रेड एकदम मॉडेलला देणं सगळ्यांना साहजिक वाटतं. पण उप्सालाच्या सेटमध्ये साधारण निम्मे ट्यूमर ग्रेड २ आहेत आणि तेच लेबल डळमळीत आहे. डोळे झाकून सगळ्यांना २ म्हटलं तरी पन्नास टक्क्यांच्या जवळ अ‍ॅक्युरसी येते, यावरूनच अ‍ॅक्युरसी हा आकडा इथं किती पोकळ आहे ते कळेल.

२००६ मध्ये सोटिरिऊ आणि सहकाऱ्यांनी जो जीनोमिक ग्रेड इंडेक्स काढला तो याच विचारावर: ईआर पॉझिटिव्ह असलेले ६४ ट्यूमर, फक्त ग्रेड १ आणि ३ चे, त्यांच्यातला फरक दाखवणारी ९७ जीन्स. त्याच वर्षी इव्हशिना यांच्या गटानं उप्सालाच्या डेटावर वेगळ्या वाटेनं जाऊन ग्रेड २ चे २ए आणि २बी असे दोन गट दाखवले. दोघांचाही निष्कर्ष असा की ग्रेड २ मधले बरेचसे ट्यूमर जीन्सच्या पातळीवर १ सारखे किंवा ३ सारखे निघतात.

हिशोब सोपा आहे. ग्रेड ३ मध्ये वाढणाऱ्या जीन्सच्या आकड्यांची बेरीज करा, त्यातून ग्रेड १ मध्ये वाढणाऱ्यांची बेरीज वजा करा. ग्रेड ३ मध्ये वाढणाऱ्यांतली बहुतेक जीन्स पेशी विभागण्याच्या कामाची आहेत. मग ग्रेड १ ची सरासरी उणे १ आणि ग्रेड ३ ची अधिक १ येईल असं स्केल करा. शून्याच्या वर गेला तो जीनोमिक ग्रेड ३.

जीनफूमध्ये हे एका फंक्शनमध्ये होतं, पण ग्रेडचं व्हेक्टर (यादी) द्यायला विसरलात तर स्केलिंग होत नाही आणि रिस्क गट रिकामे येतात. ९७ पैकी किती जीन्स तुमच्या डेटात सापडली हा आकडा रिपोर्टमध्ये लिहा.

दोन बारकावे इथं सुटतात. टेस्ट सेटमध्ये स्केल करताना तुम्ही टेस्टचेच ग्रेड वापरताय, म्हणजे शून्याची रेघ त्यांच्याकडं बघूनच ओढली, म्हणून त्या रेघेवरची अ‍ॅक्युरसी मिरवू नका. १ विरुद्ध ३ चा एयूसी (स्कोअर दोन गट किती चांगले वेगळे करतो तो आकडा) द्या, स्केलनं तो बदलत नाही. आणि छापील इंडेक्स जीएसई२९९० वर तपासू नका, तो त्याच गटाच्या डेटातून जन्मलाय.

७. मॉडेल ग्रेड शिकलं का ईआर?

ही पायरी मी कुठल्याच विद्यार्थ्याच्या रिपोर्टमध्ये आपणहून केलेली बघितली नाही, आणि खरा निकाल इथंच लागतो.

ईआर निगेटिव्ह ट्यूमर बहुतांशी ग्रेड ३ असतात. ग्रेड १ जवळजवळ सगळे ईआर पॉझिटिव्ह. मग मॉडेलनं ग्रेडचं काही न शिकता नुसतं ईआर ओळखलं तरी १ विरुद्ध ३ मध्ये ते छान मार्क मिळवतं. आणि ईआर तर साध्या आयएचसी टेस्टवर (स्लाइड रंगवून बघणं) कळतं, त्याला २२ हजार प्रोबची गरज नाही.

करायचं असं: फक्त ईआर पॉझिटिव्ह पेशंट घ्या आणि एयूसी परत काढा. थोडा खाली येईल, ते ठीक आहे. धाडकन खाली आला तर समजा मॉडेल ईआर शिकलंय, आणि निवडलेल्या जीन्सच्या यादीत ईएसआर१, जीएटीए३, टीएफएफ१ वरच बसलेली दिसतील. मग ट्रेनिंगच ईआर पॉझिटिव्हमध्ये करा.

याच कारणानं प्रत्येक जीनमधून कोहॉर्टचं मेडियन (मधला आकडा) वजा करताना जपा. एका सेटमध्ये ईआर निगेटिव्ह एक चतुर्थांश आणि दुसऱ्यात जवळजवळ नाहीतच, तर दोन्हीकडं ‘शून्य’ म्हणजे वेगळी जागा होते. एकट्या पेशंटचा तर मेडियनच काढता येत नाही.

गाठीचा तुकडा कसा होता हेही बघा. आजूबाजूची चरबी आणि तंतू जास्त आले की कॅन्सरच्या पेशी कमी पडतात, विभागणीच्या जीन्सचा आवाज दबतो आणि ग्रेड ३ ची गाठ सौम्य दिसते. मेटाब्रिकमध्ये सेल्युलॅरिटीचा (कॅन्सरच्या पेशी किती आहेत त्याचा) कॉलम आहे, ‘कमी’वाल्या गटात चुका जास्त होतायत का ते वेगळं मोजा.

८. आता ग्रेड २ उघडा

बाजूला ठेवलेल्या ग्रेड २ वर स्कोअर लावा आणि हिस्टोग्राम काढा. कडेला काही असतील, शून्याजवळही बरेच असतील. त्या शून्याजवळच्यांना ओढूनताणून इकडं तिकडं टाकू नका, ‘अनिश्चित’ असा तिसरा गट ठेवा आणि त्याच्या सीमा टेस्ट डेटा बघायच्या आधी ठरवा.

बरोबर-चूक कशावरून ठरवायचं? इथं पॅथॉलॉजिस्टचा ग्रेड उपयोगाचा नाही, सगळेच २ आहेत. म्हणून कॅन्सर परत आला का, किती काळानं, हे बघायचं. दोन गटांचे कॅप्लान-मायर आलेख (काळाप्रमाणे किती जणी कॅन्सर परत न येता राहिल्या), मग कॉक्स मॉडेलमध्ये (अनेक कारणं एकत्र तोलणारं) गाठीचा आकार, नोड आणि वय घालून स्कोअरचा परिणाम टिकतो का ते बघा. ट्रीटमेंटही बघा, किमो घेतलेल्या आणि न घेतलेल्या एकत्र मिसळल्या की आलेखाचा अर्थ लावता येत नाही. ट्रान्सबिगच्या पेशंटना ऑपरेशननंतर औषधाची ट्रीटमेंट दिलेली नव्हती, म्हणून या पायरीला तो सेट फार सोयीचा.

*सावध:* वेगवेगळे कटऑफ (गट पाडायची रेघ) लावून ज्याचा पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगानं असा निकाल येण्याची शक्यता) सगळ्यात छोटा येतो तो निवडणं बंद करा. एकच कटऑफ, आधी लिहून ठेवलेला.

९. फुकटच्या यशाची खात्री करा

व्हेनेट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की ब्रेस्ट कॅन्सरमध्ये डोळे मिटून उचललेल्या जीन्सच्या बहुतेक याद्यासुद्धा पेशंट किती जगतात याच्याशी जुळतात. कारण पेशी विभागण्याचा सिग्नल अर्ध्या जीनोमभर सांडलेला असतो. म्हणून ‘पी ०.०१ आला’ एवढ्यावर खूश होऊ नका. तुमच्या यादीत जितकी जीन्स आहेत तितक्याच आकाराच्या १००० रँडम याद्या काढा, प्रत्येकीला तीच वाट चालवा, आणि तुमची यादी त्यांच्यात कुठं बसते ते दाखवा. सोबत नुसत्या एमकेआय६७ एकट्याचा एयूसी द्या. ९७ जीन्सनी त्या एकाला किती मागं टाकलं, हा प्रश्न परीक्षक विचारणारच.

१०. रिपोर्टमध्ये काय लिहायचं

सुरुवातीला किती सॅम्पल होते, कुठल्या कारणानं किती गेले, शेवटी किती उरले, त्यात ग्रेड १, २, ३ किती आणि ईआर पॉझिटिव्ह किती. एयूसी एकदा सगळ्यांवर आणि एकदा फक्त ईआर पॉझिटिव्हवर, दोन्हींना कॉन्फिडन्स इंटर्व्हल (आकडा किती इकडंतिकडं होऊ शकतो ती मर्यादा). तीन गट करून पॅथॉलॉजिस्टशी तुलना करत असाल तर साध्या अ‍ॅक्युरसीऐवजी वेटेड कप्पा (kappa, लांबच्या चुकीला जास्त वजन देऊन एकमत मोजणारा आकडा), कारण १ ला ३ म्हणणं हे १ ला २ म्हणण्यापेक्षा फार मोठं चुकणं आहे.

मर्यादांमध्ये हे स्पष्ट लिहा की वरचे बहुतेक पेशंट युरोपातले आहेत आणि जुन्या चिपचे सॅम्पल गोठवून ठेवलेल्या टिश्यूचे. आपल्याकडच्या हॉस्पिटलात टिश्यू फॉर्मॅलिनमधून मेणाच्या ब्लॉकमध्ये जाते, तिथं आरएनएचे तुकडे झालेले असतात, गोठवलेल्या टिश्यूवर ठरवलेला कटऑफ त्यावर चालत नाही. पुढं कधी इथल्याच ब्लॉकवर काम करायचं मनात असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी परवानगी आधी, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, मग ब्लॉक कापायचा. २०० बेसपेक्षा लांब तुकडे किती टक्के आहेत ते डीव्ही२०० नं मोजा, आणि कुठल्या ब्लॉकचं सॅम्पल का नाकारलं याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर आठवून लिहिता येत नाही.